सही करून चर्च सुटतं का?

भाची म्युनिकला नोकरीला आहे. बाप्तिस्मा वसईचा, पण जर्मनीत राहते आणि कॅथलिक आहे म्हणून तिच्या पगारातून चर्च-कर कापला जातो. बव्हेरियात तो आयकराच्या 8 टक्के असतो. फोनवर विषय निघाला पैशाचा, पण तिथंच राहिला नाही.

“मामा, नोंदणी कचेरीत जाऊन ‘चर्च सोडते’ अशी सही केली की कर बंद. मिस्सा मी सोडणार नाहीये.”

“सही केलीस की तिकडचे बिशप तुला कम्युनियन नाकारतील. 2012 चा त्यांचा हुकूम आहे. पापनिवेदन बंद, कुणाची धर्ममाताही होता येणार नाही.”

“बाप्तिस्म्याचा ठसा पुसत नाही, असं तूच शिकवलंस ना?”

“पुसत नाहीच. व्हॅटिकन जगात सुमारे 140 कोटी कॅथलिक मोजतं ते त्याच हिशेबानं. एकदा बाप्तिस्मा झाला की माणूस आत, मग तो चर्चची पायरी चढो न चढो.”

“म्हणजे मोजताना मी आहे, वाढताना नाही!”

यावर मला पटकन बोलता येईना, कारण रोमचा कौलही तिच्याच बाजूचा. व्हॅटिकनच्या विधिविषयक परिषदेनं 2006 साली स्पष्ट केलं होतं, की सरकारदरबारी केलेली सही म्हणजे श्रद्धात्याग नव्हे. निर्णय मनापासूनचा हवा, तो उघड सांगायला हवा आणि चर्चच्या अधिकाऱ्यानं तो स्वीकारायला हवा. फ्रायबुर्गचे चर्च-कायद्याचे प्राध्यापक हार्टमुट त्साप याच मुद्द्यावर कोर्टात भांडले: कर घेणारी संस्था सोडतो, श्रद्धा नाही. लाइपझिगच्या न्यायालयानं 2012 मध्ये त्यांची सही ग्राह्य धरली, पण चर्चमध्ये तिचे परिणाम काय, हे चर्चवर सोपवलं. बिशपांचा हुकूम त्याच महिन्यातला.

“पण कुणीच कर भरला नाही,” मी म्हटलं, “तर तिकडच्या चर्चच्या बालवाड्या कशा चालायच्या? भारतातल्या कामांना मिसेरिऑर मदत करते, ती जर्मन बिशपांचीच संस्था.”

“मिसेरिऑरला मी थेट देईन की.”

“दान कुठं जाणार ते तू ठरवतेस, कर कुठं जाणार ते बिशप ठरवतात. खुपतंय ते हे. आठ टक्के नाही.”

“असेल. पण 2022 चे आकडे बघ. कागदावर 2 कोटी 9 लाख कॅथलिक, रविवारच्या मिस्साला जेमतेम 5.7 टक्के. जे येत नाहीत पण भरतात ते आत. मी येणार, पण भरणार नाही, म्हणून मी बाहेर?”

आपल्या जनगणनेत तरी दार उघडणारा सांगेल तो सगळ्या घराचा धर्म. श्रद्धेची चौकशी तिथंही नाही. पण तिथं सांगण्याची किंमत मोजावी लागत नाही, हे मी तिला बोललो नाही.

“नाताळात धाकटीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे,” ती म्हणाली. “धर्ममाता मी. वसईत माझा जर्मन कर कोण विचारणार?”

“फादर नाही विचारणार. मला मात्र माहीत असेल.”

“मग त्यांना सांगशील?”

“सही कधी आहे?”

“गुरुवारी.”

“मग हे मला शुक्रवारी विचार.”