ज्योचे लग्न

आवडत्या कादंबरीचा दुसरा भाग हाती घेताना वाचकाची स्थिती लेकीच्या सासरी पहिल्यांदा जाणाऱ्या बापासारखी होते. लग्न थाटात झालेले असते, जावई चांगला असतो, लेक सुखात असणार याची खात्रीही असते. तरी त्या घराचा उंबरठा ओलांडताना छातीत थोडे धडधडतेच. आणि पुष्कळदा ती धडधड खरी ठरते. पहिल्या भागात जी माणसे आपली वाटली होती, ती दुसऱ्या भागात परक्यासारखी बोलू लागतात. 'ही अशी कशी बदलली?' असे पुटपुटत आपण पुस्तक मिटतो आणि लेखकावर रुसतो.

हा रुसवा न्यायाचा म्हणावा काय? वाचकाने जीव लावला म्हणून लेखक त्याचे काही देणे लागतो काय? मी पेशाने शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. त्यामुळे या भांडणात दोन्ही पक्षांकडे माझी माणसे आहेत.

अशा रुसव्याचे एक जुने आणि गाजलेले उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' ही कादंबरी शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे मराठी घरांतलीच होऊन गेली आहे. यादवी युद्धावर गेलेले वडील, ओढग्रस्तीत घर सांभाळणारी आई, मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी, आणि शेजारच्या श्रीमंत घरातला पोरका, खेळकर लॉरी. त्यांतली ज्यो धसमुसळी, तोंडाळ आणि लिहिण्याचे वेड असलेली. तिची आणि लॉरीची अशी गट्टी जमते, की या दोघांचे पुढे काय होणार हे कोणी सांगावे लागत नाही.

पहिला भाग बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशकांनी 1868च्या सप्टेंबरअखेर काढला. मेगचे लग्न ठरते आणि तेथे लेखिका पडदा पाडते. तो पुन्हा वर जाईल की नाही, हे या पहिल्या अंकाच्या स्वागतावर अवलंबून आहे, असेही मिस्किलपणे सांगते. स्वागत तर असे झाले, की मुलींच्या पत्रांचा पाऊसच पडला. सगळ्यांचे विचारणे एकच : कोणाचे लग्न कोणाशी होणार? अल्कॉट वैतागली. बाईच्या जन्माचे सार्थक जणू लग्नातच आहे अशा थाटात या पोरी विचारतात, असे तिने रोजनिशीत नोंदवले. आणि कोणाच्याही समाधानासाठी ज्योचे लग्न लॉरीशी लावणार नाही, असा निश्चयही तेथेच लिहून ठेवला. 1 नोव्हेंबरला तिने दुसरा भाग लिहायला घेतला आणि दोनच महिन्यांत पुरा केला. 1869च्या वसंतात तो बाहेर आला. इंग्लंडात त्याचे नाव पडले 'गुड वाइव्ह्ज', म्हणजे 'चांगल्या बायका'. त्या नावातच सारे आले!

या भागात बेथ मरते. लॉरी ज्योला मागणी घालतो आणि ज्यो नाही म्हणते. पुढे लॉरी युरोपात एमीशी लग्न करतो. आणि ज्योच्या वाट्याला येतात प्रोफेसर भेअर : चाळिशीला टेकलेले, दाढीवाले, खिशाने गरीब आणि मनाने सज्जन असे जर्मन गृहस्थ. दीडशेहून अधिक वर्षे झाली, वाचकांची हळहळ अजून संपलेली नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलीने हे दोन्ही भाग वाचून मला विचारले, "सर, पण लॉरीत वाईट काय होते?"

प्रश्न ऐकून मला हसू आले, कारण तो तिचा नव्हताच. मुलगी एखाद्या स्थळाला नाही म्हणाली, की घरातली वडीलधारी मंडळी हेच विचारतात. मुलगा शिकलेला आहे, घर माहितीतले आहे, मग मुलात वाईट काय आहे ते तरी सांग! जणू नकार द्यायचा तर आधी त्या मुलाच्या अंगची खोड सिद्ध करून दाखवली पाहिजे. ज्यो लॉरीला कारणे सांगते, आणि ती मला खरी वाटतात. दोघेही तापट, दोघेही हट्टी. त्याला तिच्या लिहिण्याचा कंटाळा येईल आणि तिचे तर लिहिण्यावाचून चालणार नाही. तिची त्याच्यावर माया आहे, पण ती लग्नाची नव्हे. याहून अधिक कारण कोणी कोणाला द्यायचे?

म्हणून लॉरीपुरता आपला रुसवा मला गैरलागू वाटतो. तेथे लेखिकेने वाचकाचा शब्द मोडला, पण ज्योचा राखला.

भेअरसाहेबांचे प्रकरण मात्र निराळे आहे. ज्यो अविवाहित राहून लिहीत राहायला हवी होती, असे अल्कॉटने पुढे एका पत्रात कबूल केले आहे. पण इतक्या मुलींनी तिच्या लग्नाचा धोशा लावला, की साफ नाही म्हणण्याचे तिला धैर्य झाले नाही. तेव्हा जरा खोडसाळपणानेच तिने हे अजब स्थळ जुळवून दिले. या तडजोडीची किंमत कोणी दिली, ते पाहा. पहिल्या भागात एमी रागाच्या भरात ज्योच्या गोष्टींची वही जाळते, तेव्हा ज्यो तिला जवळजवळ मुकतेच, इतका तिचा संताप होतो. दुसऱ्या भागात भडक गोष्टींविषयीचे प्रोफेसरांचे प्रतिकूल मत ऐकून ज्यो आपले तीन महिन्यांचे लिखाण स्वतःच्या हाताने शेगडीत घालते! प्रोफेसरांनी तिला तसे सांगितलेले नसते, आणि त्या गोष्टी बाजारी होत्या हेही खरे. पण तशाच भडक गोष्टी अल्कॉट स्वतः ए. एम. बार्नार्ड या टोपणनावाने लिहीत होती आणि त्या पैशांवर घरचे कर्ज फेडण्यास हातभार लावीत होती. 1888 साली ती वारली ती अविवाहित आणि मोठी लेखिका म्हणून. स्वतःसाठी जे तिने राखले, ते ज्योसाठी मात्र तिला राखता आले नाही.

मला या सगळ्याचा अर्थ असा लागतो : जेथे लेखिकेने आपल्याला नकार दिला, तेथे आपण आज ना उद्या तिचे म्हणणे समजून घेतो. जेथे तिने आपले ऐकले, तेथली खंत काही केल्या जात नाही. आपली तक्रार खरे पाहता आपल्याच आग्रहाविरुद्ध असते.

यात अल्कॉटला दोष देणे सोपे आहे, पण ते मला जमत नाही. घरची चूल जिच्या लेखणीवर पेटते, तिला वाचकाकडे पाठ फिरवून बसणे परवडत नाही. आणि त्या पत्रे लिहिणाऱ्या पोरींना तरी काय बोलायचे? त्यांनी ज्योवर जीव टाकला होता. ज्याच्यावर जीव टाकला त्याचे भले व्हावे असे वाटतेच; आणि भले म्हणजे काय, हे आपल्याला त्याच्याहून अधिक कळते, असेही लगोलग वाटू लागते. प्रेमाची वाट चुकते ती नेमकी येथे. प्रेमाने आपल्याला रुसण्याचा हक्क मिळतो. दुसऱ्याचे आयुष्य ठरवण्याचा मिळत नाही.

दिवाळीला घरोघर लेकी, पुतण्या, भाच्या गोळा होतात. फराळाच्या ताटाभोवती कोणी तरी काकू किंवा मामा हसत हसत विचारतात, "मग, यंदा बार उडवायचा ना?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. त्या मुलीचे पहिले पाऊल, तिचे पडलेले दात, तिचे रुसवेफुगवे त्यांना तोंडपाठ असतात. पहिला भाग त्यांनी इतक्यांदा वाचलेला असतो, की दुसरा आपल्याला विचारून लिहिला जावा, असे त्यांना वाटते. मुलगीही मोठ्यांचे मन मोडवत नाही म्हणून कधी कधी मान डोलावते. मांडव पडतो, पंगती उठतात, सगळे समाधानाने घरी जातात. शेगडीत काय गेले, ते तिचे तिलाच ठाऊक.

लेकीच्या आयुष्याचा दुसरा भाग आपल्या मनासारखा न उतरला, तरी तो तिने स्वतः लिहिलेला असला म्हणजे पुरे. ज्योला तेवढेही लाभले नाही.