शब्दाला साक्षीदार हवा



“मने जुळली, मग दाखले, नावे पुकारणे, सह्या कशाला?” असे तरुण आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. विवाह वधूवरांच्या संमतीने होतो, कागदाने नव्हे, असे ख्रिस्तसभाही मानते. पूर्वी गुपचूप दिलेले वचनही विवाह ठरत असे. पण पुढे एखादा ते नाकारून दुसरीशी लग्न लावी; पहिलीजवळ पुरावा नसे. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तीन जाहीर घोषणा, धर्मगुरू, साक्षीदार आणि नोंदवही यांचा नियम केला.

कागद प्रेम निर्माण करीत नाही. प्रेमाने दिलेला शब्द तो दुबळ्याच्या हाती ठेवतो. ज्याला शब्द पाळायचा आहे, त्याला सहीची भीती कसली? लग्न ठरले, की मांडवाआधी आपण दाखल्यांचे पाहू या.