फासे खरे होते

धीर राहावा म्हणून बोललेले खोटे पाप ठरते काय? असा प्रश्न निघाला की आपण वैद्य आणि रोगी यांचे उदाहरण देतो. मला मात्र जपानचे आरमार आठवते.

१९४२ च्या मे महिन्यात ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर मिडवेच्या स्वारीची तालीम टेबलावर चालली होती. शत्रूच्या विमानहल्ल्याचा निकाल पंचांनी फासे टाकून लावला : नऊ बॉम्ब लागले, ‘आकागी’ आणि ‘कागा’ ही विमानवाहू जहाजे बुडाली. सरसेनापती यामामोतोंचे मुख्य साहाय्यक उगाकी म्हणाले, नऊ नव्हे, तीन धरा. ‘आकागी’ वाचली. बुडालेली ‘कागा’देखील पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली! शकुनीचे फासे कपटी होते. इथे फासे सरळ होते, दान वाचणाराच त्याला भ्याला. जूनमध्ये खऱ्या समुद्रात या दोन्ही बुडाल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ही.

त्या जहाजांवर रडार नव्हते, सांकेतिक लिपी शत्रूने फोडली होती, हे खरेच. (गंमत अशी, की रडारला पुढे उपयोगी पडलेला एक अँटेना यागी आणि उदा या जपान्यांनीच १९२६ मध्ये शोधला होता.) पण उणीव कबूल केली तर तिच्यावर उपाय निघतो. इथे मिडवेचे जखमीसुद्धा रुग्णालयात इतरांपासून दूर ठेवले गेले आणि जनतेला विजयाची वार्ता मिळाली.

प्रजेचा धीर खचू नये हाही राजधर्मच, असे कोणी म्हणेल. तेही घटकाभर मान्य करू. पण पुढे काय झाले पाहा. १९४४ च्या ऑक्टोबरात फोर्मोसापाशी झालेल्या लढाईनंतर, नवशिक्या वैमानिकांच्या सांगण्यावरून, शत्रूची अकरा विमानवाहू जहाजे बुडवल्याचे जाहीर झाले. बुडाले एकही नव्हते. आरमाराला हे थोड्याच दिवसांत कळले. भूदलाला मात्र त्याने कळवले नाही. प्रजेपासून लपवता लपवता सख्ख्या भावापासून लपवण्याची पाळी आली!

यांना भेकड म्हणावे, तर उगाकी स्वतः शरणागतीच्या दिवशी आत्मघाती विमानात बसून गेले. मरण्याची छाती होती. भरल्या बैठकीत “नऊच” म्हणण्याची मात्र कोणाची झाली नाही. या दोन धैर्यांत इतके अंतर कसे पडते, हे कोडे मला सुटलेले नाही.

भूदलाने लुझोनवर लढण्याचा बेत बदलून लेते बेटावर फौजा धाडल्या. ११ नोव्हेंबरला ओर्मोकच्या उपसागरात त्यांच्या एका तांड्यावर अमेरिकन विमाने तुटून पडली. ती ज्या आरमारातून उडाली होती, ते टोकियोच्या हिशेबी महिन्यापूर्वीच समुद्राच्या तळाशी गेले होते.