उबवणाऱ्याचा हक्क

सापाची अंडी घरात उबवल्याची एक फार जुनी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कश्यपाच्या दोन बायका, कद्रू आणि विनता. कद्रूने हजार नागपुत्र मागितले. विनतेने दोनच, पण त्या हजारांहून बलवान. दोघींची अंडी ऊबदार, दमट भांड्यांत ठेवली गेली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली, विनतेची तशीच राहिली. सवतीचे घर भरलेले पाहून तिला धीर धरवेना. तिने एक अंडे फोडले. आतून अर्धवट अंगाचा अरुण निघाला, आणि त्याने आईलाच शाप दिला. वर्गात ही गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे. तिचा अर्थ मात्र मला कळला तो काही वर्षांपूर्वी, माझ्याच पडवीत.

आमचे गाव शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. अखाजी झाली की उकिरडे उपसून शेणखत शेतात नेण्याची घाई सुरू होते. त्या वर्षी शेजाऱ्याच्या उकिरड्यात अंड्यांवर बसलेली नागीण निघाली. धामण आपली अंडी टाकून जाईल. नागीण ती राखत बसते, आणि म्हणूनच ती मेली. मी पोचलो तेव्हा काठ्या थांबल्या होत्या. खाली चौदा अंडी होती. पांढरी, चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली.

1972 चा वन्यजीव कायदा अंड्यांनाही संरक्षण देतो, म्हणून वनखात्याला कळवले. त्यांच्या संमतीने एका सर्पमित्राच्या देखरेखीखाली ती माझ्याकडे राहिली. अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची, हे त्याने आधी बजावले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली. कोंबडी आपली अंडी फिरवते. सापाचे अंडे फिरवले तर आतला जीव दगावू शकतो. डब्यात नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, झाकणाला भोके, आणि ऊब तीस अंशांच्या आसपास. आमच्याकडच्या वैशाखात ऊब द्यावी लागत नाही, ती अडवावी लागते. भिजवलेले गोणपाट बदलत मी दिवस काढले. उबवणे म्हणजे बहुतांशी हात आवरून बसणे, हे मला तेव्हा उमगले.

शेजाऱ्याच्या सालदाराची बायको एके दिवशी डबा पाहून थबकली. तिचा भाऊ कापसात निंदणी करताना पान लागून गेला होता. तिने विचारले, "गुरुजी, हे मोठे झाल्यावर कुणाच्या शेतात जातील?"

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी शिकलेल्या माणसाचे उत्तर मी दिले. साप उंदीर खातात, उंदीर धान्य खातात, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "उंदीर तुमचं धान्य खातात. साप आमच्या पायाला चावतो."

2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने भारतात सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला 58,000. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. तिच्या एका वाक्यात हा सारा हिशेब होता.

आषाढात अंड्यांना चिरा पडल्या. पिल्लू नाक बाहेर काढते आणि थांबते, कधी दिवस-दिवस. पोटाशी उरलेला बलक अंगात जिरायचा असतो. दोन अंडी आधीच सडली होती. अकरा पिल्ले आपल्या वेळेने बाहेर आली. बारावे अडकले असे मला वाटले, आणि मी ते ओढून काढले. बलकाची पिशवी फाटली. संध्याकाळी ते मेले. विनतेला हसण्याचा अधिकार मी तेव्हाच गमावला.

उरलेल्यांपैकी एक वीतभर पिल्लू फणा काढून माझ्याकडे पाहू लागले. विष त्याच्यापाशी जन्मापासून होते. तरी मनात शब्द आला, 'माझे'. कादंबरी लिहिताना पात्रे अशीच आपली वाटतात, आणि आपण त्यांना हवे तसे वाकवतो. कद्रूनेही हेच केले. उच्चैःश्रव्याची शेपटी काळी दिसावी म्हणून पुत्रांनी तिला चिकटावे, असे तिने फर्मावले. ते कपटाला नकार देताच जनमेजयाच्या सत्रात जळण्याचा शाप दिला. विनता उतावळी होती. कद्रूला उबवण्याच्या श्रमांतून मालकी मिळाली असे वाटले. दोघींचे दोष एकाच पडवीत माझ्या वाट्याला आले.

वनखात्याच्या माणसांनी अकराही पिल्ले डोंगरात, वस्तीपासून लांब सोडली. ती माझी नव्हती. पण मग त्यांच्याबद्दलची जबाबदारीही तिथेच संपली काय? मला तसे म्हणवत नाही. जीव वाचवणाऱ्याला त्या जिवावर हक्क मिळत नाही; त्याच्यामुळे दुसऱ्यावर येऊ शकणाऱ्या संकटातला वाटा मात्र मिळतो.

म्हणून दर वर्षी शाळा उघडली की पहिला तास मी त्यासाठी देतो. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप चावला तर भगताकडे न थांबता थेट सरकारी दवाखाना गाठा. जखम कापू नका, दोरी आवळू नका. त्या बाईची नात यंदा पुढच्या बाकावर होती. तिने हे सारे वहीत नीट उतरवून घेतले. आजीच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, याची मला जाणीव आहे. माझ्यापाशी दुसरे नाही.