अकरा मिनिटांची चूक

4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री आविलाच्या संत तेरेजा यांनी स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथील मठात देह ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा दफनविधी झाला, आणि तो दिवस होता 15 ऑक्टोबर! मधले दहा दिवस पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिकेतून वगळले होते. आजही संत तेरेजांचा सण आपण 15 ऑक्टोबरलाच पाळतो.

हे का करावे लागले? जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे ती काय! आम्हां धर्मगुरूंचे प्रवचनदेखील तेवढ्यात आटोपत नाही. परंतु चूक साचत गेली. 325 साली निसेयाची धर्मपरिषद भरली, तेव्हा 21 मार्चच्या सुमारास येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात 11 मार्चला येऊ लागला. ईस्टरचा रविवार या संपातावरून ठरत असे. कागद एक सांगत होता, आकाश दुसरे. ख्रिस्तसभेने निवाडा आकाशाच्या बाजूने दिला.

आकाशाची ही साक्ष कोणालाही पडताळून पाहता येते. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सूर्य समुद्राच्या क्षितिजावर पार दक्षिणेकडे बुडतो. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो. ज्या मृगावर शेतकऱ्याची नजर लागलेली असते, त्याच्या चांदण्या जूनमध्ये सूर्याच्या तेजात लपलेल्या असतात. डिसेंबरच्या संध्याकाळी त्या पूर्वेला वर येतात. हे पाहायला दुर्बीण लागत नाही. वर्षभर एकाच जागी उभे राहण्याची चिकाटी तेवढी लागते.

ही चिकाटी एकेकाळी चर्चच्या भिंतींनीही दाखवली. 1655 साली बोलोन्याच्या सान पेत्रोनियो या चर्चमध्ये कासिनी या ज्योतिर्विदाने सुमारे 27 मीटर उंचीवर एक छिद्र ठेवून जमिनीवर सुमारे 67 मीटर लांबीची मध्याह्नरेषा आखली. माध्यान्ही त्या छिद्रातून आलेले सूर्यबिंब रेषेवर पडे. उन्हाळ्यात जवळ, हिवाळ्यात दूर. बिंबाचे आकार मोजले, तेव्हा ते जुन्या समजुतीपेक्षा केप्लरच्या गणिताशी अधिक जुळले. त्याच केप्लरचा एक ग्रंथ तेव्हा निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होता! आणि गॅलिलिओला दोषी ठरवून अवघी बावीस वर्षे झाली होती.

येथे मन अडखळते. सूर्यासाठी दहा दिवस सोडून देणाऱ्या ख्रिस्तसभेला गॅलिलिओचे म्हणणे शांतपणे का ऐकता आले नाही? मला वाटते, दिनदर्शिकेतील चूक ही कारकुनी चूक होती. ती दुरुस्त करताना कोणाचा मान दुखावला नाही. गॅलिलिओने मात्र धर्मग्रंथाचा आपण लावलेला अर्थ तपासायला सांगितले. देवाचा शब्द आणि त्या शब्दाविषयीची आपली समजूत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य करणे जड जाते. ते जड गेले म्हणूनच 31 ऑक्टोबर 1992 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक उघडपणे मान्य केली, तोपर्यंत साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

चूक कबूल केल्याने श्रद्धा दुबळी होते, असे काहींना वाटते. मला उलटे दिसते. ज्याला सत्य देवाचे आहे अशी खात्री आहे, त्याला आपले मत सोडायला भीती कसली? भीती वाटते ती सत्य आपल्या मालकीचे आहे असे मानणाऱ्याला.

पापनिवेदनाला बसलो असता मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: भावाभावांतला अबोला, पतिपत्नींतला दुरावा क्वचितच एका मोठ्या अपराधातून येतो. रोजचे एक टोचणारे वाक्य, एक न मागितलेली क्षमा, असे साचत जाते आणि एके दिवशी संपात दहा दिवसांनी चुकलेला असतो. विवेकबुद्धी हे आपल्या अंतर्यामीच्या छतातले छिद्र आहे. त्यातून किरण रोज येतो. तो आपल्या रेषेवर पडत नसेल, तर सूर्याला दोष न देता रेषा पुन्हा आखावी. दहा दिवस गमवावे लागले तरी चालेल. पुढचा ईस्टर योग्य वेळी येईल.