चित्रसंग्रहाची सुरुवात यादीपासून

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आधुनिक भारतीय चित्रांचं एक दालन जहांगीर निकल्सन यांच्या नावाचं आहे. निकल्सन कापसाचे व्यापारी. १९६८ साली शरद वायकूळ यांचं चित्र घेऊन त्यांनी सुरुवात केली आणि २००१ मध्ये गेले तेव्हा मागे सुमारे आठशे कलाकृती ठेवून गेले. याच वस्तुसंग्रहालयाला टाटा बंधूंचाही चित्रसंग्रह मिळाला. टाटांची भरभराट झाली ती एम्प्रेस मिलमुळे, आणि ती गिरणी १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली, कारण कापूस जवळ होता. एकेका चित्रामागचा रुपया कुठल्या गंजीतून आला हे कुणी सांगू शकणार नाही. पण कापूस, गिरणी, बंदर ही वाट वऱ्हाडातूनच जात होती. अमरावती-अकोल्याच्या माणसानं त्या दालनांत थोडं हक्कानं हिंडावं असं मला वाटतं.

मग वऱ्हाडात काय राहिलं? तसबिरी राहिल्या. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला रेल्वेनं गावोगाव पोचल्या आणि अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या वाड्यांपासून खेड्यातल्या देवघरापर्यंत जाऊन बसल्या. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक अचूक बसवलेले ठसे, वरून व्हार्निश. त्यावर घरच्या बायकांनी साडीच्या काठाला खरी जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या शिवल्या. छाप हजारोंनी निघाले, पण अशी सजवलेली लक्ष्मी त्या घरापुरती एकच. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली. त्यानंतर तर घरोघरी उरलेल्या या प्रतींचं मोल वाढायला हवं होतं. झालं उलटंच. वाडा पाडताना सागवानी चौकटीला गिऱ्हाईक मिळतं, आतला कागद रद्दीत जातो.

अशी एखादी तसबीर मागून उघडून पाहावी. पाठीला हलक्या लाकडाची फळी, गंजलेले चुके, आणि फळीच्या रेषा जशाच्या तशा कागदावर तपकिरी उमटलेल्या. दर्शनी बाजूला काचेवर कुंकवाची बोटं, आणि पावसाळ्याच्या दमटपणानं कागद काचेला चिकटलेला. तो ओढायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा तर मुळीच नाही. फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा, काच आणि कागद यांच्यात माउंटची फट ठेवावी, उन्हाची भिंत टाळावी. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तिथे पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेलं चित्र टिकेल कसं? आणि मुख्य म्हणजे चौकटीच्या मागे पेन्सिलीनं लिहावं: कुणाच्या घरातलं, कुणी आणलं, कधी.

माझ्या मते या लिहिण्यापासूनच संग्रह सुरू होतो. खरेदी नंतरची. याचा दाखला वऱ्हाडातच आहे. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांनी हस्तलिखितं शतकानुशतकं जिवापाड सांभाळली, पण बाहेरच्या अभ्यासकांना त्यांचा पत्ता नव्हता. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची १९२६ मध्ये छापली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन कारंज्याच्या भांडारांत बसले, आणि १९३० नंतर ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ एकामागून एक संपादित होऊन बाहेर आले. पोथ्या होत्या तिथेच होत्या. यादी झाली आणि त्या भारतभरच्या विद्वानांच्या झाल्या. चित्रांच्या बाबतीत हे काम आपण अजून हाती घेतलेलं नाही.

शंभर वर्षांपलीकडचं चित्र १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. त्याची नोंदणी करावी लागते, ते देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यांची मूळ चित्रं तर १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत. पण कायदा चोरवाट अडवतो. वाळवी नाही अडवत.

आधुनिक म्हटलं की लोकांना लिलाव आठवतात. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांच्या एका चित्राला २०२१ मध्ये जवळपास चाळीस कोटी मिळाले. त्या वाटेला आपण जाऊ शकत नाही आणि जायची गरजही नाही. आपलं आधुनिक चित्र शाळेच्या सभागृहात आहे, सहकारी संस्थेच्या कचेरीत आहे: ड्रॉइंग मास्तरांनी किंवा गावातल्या पेंटरनं रंगवलेले गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव देशमुख. फ्लेक्स आल्यावर हे हात थांबले. कोपऱ्यातली सही धुळीखाली दिसेनाशी होते आहे, आणि ती करणारे कोण होते हे सांगू शकणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. ही चित्रं कमअस्सल मानणं मला मान्य नाही. गाडगेबाबांचा फाटका अंगरखा ज्यानं प्रत्यक्ष पाहून रंगवला, त्याचं काम नक्कल खास नव्हे.

लहान गावात संग्रहालय कसलं, असं कुणी म्हणालं तर त्यानं औंध पाहून यावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात रविवर्म्यांपासून धुरंधरांपर्यंतची चित्रं मांडली. त्यांच्यापाशी संस्थान होतं, हे खरं. आपल्यापाशी अमरावती-अकोल्याच्या शाळांतले कलाशिक्षक आहेत आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी मुलं आहेत. प्रत्येक शाळेनं आपल्या पेठेतली दहा घरं आणि दोन कचेऱ्या घ्याव्यात. चित्राचा फोटो, लांबी-रुंदी, सही, घरच्यांनी सांगितलेली हकीकत एका वहीत उतरवावी. चित्र भिंतीवरून काढायचंसुद्धा नाही. वह्यांची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक शाळेत. दिवाळीच्या साफसफाईला तसबिरी खाली उतरतातच, तेव्हाच हे काम सगळ्यांत सोपं.