ताटातला उजेड

उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि अंगाने सडसडीत. बालाघाटाच्या उतारांवर बाभळीचा पाला आणि बोरीचे शेंडे ओरबाडत ती वाढते. कातडीखाली तिची चरबी फारशी साठत नाही. जी साठते ती आत, गुरद्यांभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात. धाराशिव जिल्ह्यातल्या घरांत ही चरबी मटणाबरोबर येते आणि रश्श्याच्या तवंगात विरून जाते. तिची मेणबत्तीही होऊ शकते. तरी ती रीत इथे रुजली नाही. असे का, हे शोधू लागलो की उजेडाकडे पाहण्याची नजरच बदलते.

कृती अवघड नाही. चरबी बारीक चिरून थोडे पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवायची. तुकडे करपण्याआधी फडक्यातून गाळायची. गार झाली की वर पांढरी वडी थिजते आणि मळ खाली बसतो. तळ खरवडून ती पुन्हा कढवायची. मग पिळलेली सुती वात तिच्यात बुडवायची, थिजू द्यायची, पुन्हा बुडवायची. थरावर थर चढत मेणबत्ती जाड होते. ती जळते, पण वास सोडते. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1823 सालच्या ग्रंथात दाखवले, की चरबीत मेदाम्ले आणि ग्लिसरीन बांधलेली असतात. वात विझताना जो उग्र वास नाकात झोंबतो, तो या तापलेल्या ग्लिसरिनाचा. मेदाम्ले वेगळी काढली की मेणबत्ती कडक आणि स्वच्छ होते. पुढे कारखान्यांनी तेच केले आणि मेणबत्ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली.

त्याआधी ती खरोखर स्वयंपाकघरातलीच होती. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गअभ्यासकाने सेलबर्न गावातल्या गरिबांच्या दिव्यांवर 1775 साली एक पत्र लिहिले. लव्हाळे सोलून, वाळवून, डुकराचे मांस शिजवताना भांड्यावर येणाऱ्या स्निग्ध सायीत बुडवायचे, की झाला दिवा. सव्वादोन फुटांहून थोडा लांब असा एक लव्हाळा त्याने घड्याळ लावून जाळला. तो 57 मिनिटे जळला. गरिबाच्या उजेडाचा हिशेब कुणीतरी इतक्या आस्थेने मांडला, याचे मला मोल वाटते.

आपल्याकडे तोच हिशेब वेगळ्या रानात मांडला गेला. पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर करडई येते, जवस येतो. घाण्यावर तेल निघते. तेल पातळ, म्हणून त्याला भांडे हवे. ते कुंभाराने दिले. संत गोरोबाकाकाही कुंभारच; त्यांचे तेर याच जिल्ह्यातले. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चरबीची मेणबत्ती मऊ पडून वाकेल. पणतीतल्या तेलाला ती चिंता नाही. दुसरे कारण भुकेचे आहे. कोरडवाहू घरात मटण रोजचे नव्हते. बोकड कापला तर त्याचे वाटे पडत आणि चरबीचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी भाकरीबरोबर जाई. जाळायला मागे काही उरत नसे.

चरबी ताटात आणि तेल ज्योतीत, हे तुळजापुरात फार स्पष्ट दिसते. भवानीपुढे नवरात्रात अजाबळी दिला जातो, भाविक सामिष नैवेद्यही दाखवतात. पण गोंधळ्याची दिवटी आणि आराध्यांचा पोत तेलावरच जळतो. बुधलीतले तेल पोतावर ओतले जाते. कढईत जाऊ शकले असते असे तेल माणूस ज्योतीला देतो. ज्या मुलखात वर्षावर्षाचा भरवसा नाही, तिथे हे देणे लहान नव्हे. पोतापुढे हात जोडणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

मायकेल फॅराडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली. त्यांचा शेवट त्याने श्वासावर केला. मेणबत्ती प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते; आपले शरीरही अन्न घेऊन तेच करते. म्हणजे रश्श्यातली चरबी आणि वातीवरची चरबी यांचे प्राक्तन एकच. एक माणसात सावकाश जळते, दुसरी हवेत झरझर. दोन्हींत बालाघाटावरचे तेच ऊन आहे, पाल्यातून शेळीत आलेले.

म्हणून मला वाटते, घरात केलेला दिवा हा न खाल्लेल्या अन्नाचा असतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत दिवेलागणीनंतर लवकर जेवणे उरकून दिवा मालवत. त्यांना अंधार आवडे म्हणून नव्हे. ज्योत किती घास खाते, हे त्यांना ठाऊक होते. बटण दाबून मिळणाऱ्या उजेडामागेही कुठेतरी खाण, धरण, कुणाची तरी जमीन आणि कुणाचे तरी कष्ट असतातच; फक्त ते आपल्या ताटातून जाताना दिसत नाहीत. एकदा तरी चरबी कढवून किंवा तेलात वात भिजवून उजेड स्वतः करावा, तो हा हिशेब हाताला कळावा म्हणून. ज्याला तो कळला, तो रिकाम्या खोलीतला दिवा कुणी न सांगता बंद करील.